आत्याचं सुतक

शिवरामचे टाके काढायचे होते आणि शिवराम आला नव्हता.

टाके एखादा दिवस पुढे गेले म्हणून आभाळ कोसळत नाही. पण त्या दिवशी मला तो समोर हवा होता. त्याच्या गाठीचा जादा रिपोर्ट मुंबईहून सकाळीच आला होता. फोन लावत राहिलो. पोलादपूरच्या पुढे, कापडे गावाच्या वरच्या अंगाला डोंगरात त्याची वाडी आहे. तिथे फोन लागला तर नशीब. माझा त्या दिवशीचा सगळा राग मोबाइल कंपनीवर निघाला.

मी महाडमध्ये सर्जन आहे. उमेदीची सगळी वर्षं इथेच कापाकापी करण्यात गेली. हॉस्पिटल आम्हा दोघांचं आहे. खालचा मजला माझा, वरचा बायकोचा. ती स्त्रीरोगतज्ज्ञ. वरचा मजला कायम भरलेला असतो आणि ही गोष्ट ती मला विसरू देत नाही.

शिवराम चाळिशीचा. मुंबईत एका गोदामात कामाला होता. बरेच महिने त्याला जिना चढताना दम लागत होता. रक्त कमी आहे म्हणून लोहाच्या गोळ्या चालू होत्या. गोळ्यांनी रक्त वाढायचं आणि पुन्हा उतरायचं. शेवटी आराम करायला म्हणून गावी आला आणि माझ्या टेबलावर पोचला. पुरुषाचं रक्त असं उगाच कमी होत नाही, कुठून तरी ते जात असतं. मी दुर्बिणीने मोठं आतडं तपासलं, तर उजव्या बाजूला गाठ. तिच्यातून थोडं थोडं रक्त झिरपत होतं, डोळ्यांना दिसणार नाही इतकं. आतड्याचा तेवढा भाग काढला आणि दोन टोकं जोडली. ऑपरेशन छान झालं. हे माझी बायको म्हणाली, आणि ती असं सहसा म्हणत नाही.

काढलेली गाठ मुंबईच्या लॅबला गेली. तिथल्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमना मी कधी पाहिलेलं नाही, फक्त फोनवर ओळखतो. एरवी त्या रिपोर्ट पाठवतात आणि विषय संपतो. या वेळी त्यांनी स्वतः फोन केला. म्हणाल्या, माणूस तरुण आहे, गाठ उजवीकडची आहे आणि सूक्ष्मदर्शकाखाली तिचं रूप नेहमीचं नाही. मी आणखी एक तपासणी करू का? मी म्हटलं, करा. त्या फोनबद्दल मी आजही त्यांचा ऋणी आहे. त्यांच्यापुढे रोज नमुन्यांच्या ढीगभर काचा असतात. एका काचेवर थांबून महाडच्या कोण्या सर्जनला फोन करायची त्यांना काही गरज नव्हती.

ती तपासणी कशाची, हे थोडं सांगायला हवं. आपल्या शरीरात रोज नव्या पेशी तयार होतात. प्रत्येक वेळी जुन्या पेशीतला सगळा मजकूर, म्हणजे डीएनए, नव्या पेशीसाठी उतरवून काढावा लागतो. एवढा मजकूर उतरवताना चुका होणारच. म्हणून पेशीत दुरुस्ती करणारी प्रथिनं असतात. ती मागून तपासत येतात आणि चूक दिसली की सुधारतात. मॅडमनी गाठीच्या पेशींना रंग देऊन ही प्रथिनं शोधली. त्यातलं एक, एमएसएच टू नावाचं, त्या पेशींत नव्हतंच.

हे प्रथिन असं गायब असलं की बहुतेक वेळा दोष जन्मजात असतो. म्हणजे आई किंवा वडिलांकडून आलेला. म्हणजे घरात आणखी कुणाला तरी कॅन्सर झालेला असायला हवा. आणि शिवरामला मी तीनदा विचारलं होतं, रक्ताच्या नात्यात कुणाला कॅन्सर होता का? तिन्ही वेळा तो ठामपणे नाही म्हणाला होता.

त्याच आठवड्यात तो आला. सोबत त्याचे वडील होते. वाडीत सगळे त्यांना आबा म्हणतात. काटक म्हातारा, डोंगरावर म्हशी राखतो, नाचणी-वरी करतो, गावकीत त्याच्या शब्दाला वजन आहे. शिवरामला मी टेबलावर घेतलं आणि उशीर का केला म्हणून दटावलं.

“सुतक व्हतं, सायेब. आत्या वारली. आत्याचं तीनच दिवसांचं, ते फिटलं, तसा आलो.”

टाके काढताना मी बोलत राहतो, पेशंटचं लक्ष दुसरीकडे राहतं. म्हणून सहज विचारलं, कशाने गेली?

“बायकांचं कायतरी. पिशवीचा कॅन्सर म्हणले.”

माझा हात थांबला. “अरे, मग मी विचारत होतो तेव्हा नाही काय म्हणत होतास?”

“आमच्यात नायच हाय कुणाला,” शिवराम म्हणाला. “आत्या दिलेली व्हती ना, भोरकडं.”

तो खोटं बोलत नव्हता. माझा प्रश्न आला की तो मनातल्या मनात आपली माणसं मोजायचा, आणि आपली माणसं म्हणजे ज्यांचं दहा दिवसांचं सुतक धरायचं ती. भावकी, तिच्यात आलेल्या सुना, न दिलेल्या मुली. लेक लग्न होऊन गेली की तिचं सुतक तिच्या सासरी. माहेरी तीन दिवस धरायचं, अंघोळ करायची आणि कामाला लागायचं. मेल्यावर जिला असं बाहेरच्या हिशेबात धरायचं, तिला जिवंतपणी कॅन्सर झाला तर तो आपल्यात कसा धरणार? त्याच्या जागी मी त्या वाडीत वाढलो असतो तर मीही असंच मोजलं असतं.

मग मी नव्याने सुरुवात केली. दिलेल्या सगळ्या बाया सांगा म्हटलं. आबांना थोरली एक बहीण होती, तीही दिलेली. तिच्या महिनोन्‌महिने अंगावरून रक्त जायचं, त्यातच ती गेली. शिवरामचे आजोबा पोटात गोळा होऊन गेले होते, पण त्याला कुणी कॅन्सर म्हटलं नव्हतं, म्हणून तेही मोजलेले नव्हते. आणि शिवरामला एक थोरली बहीण होती. सुनंदा. वरंधजवळ दिलेली.

सुनंदाला मी पाहिलं होतं. भावाचं ऑपरेशन झालं तेव्हा ती येऊन त्याच्याजवळ बसली होती. भाकरीचं गाठोडं सोडून वॉर्डातल्या दोन-तीन नातेवाइकांना जेवायला घालणारी बाई. बाहेरच्या चार पायऱ्या चढून आली की दाराशी टेकून उभी राहायची. चेहरा पांढुरका. एकदा रक्त तपासून घ्या म्हटलं, तर हसून म्हणाली की आमच्या वयाला असं चालायचंच.

मी आबांना खुर्चीवर बसवलं. त्यांचा पहिला प्रश्न रास्त होता. पोराच्या आतड्यात, बहिणीच्या पिशवीत, मग दुखणं एक कसं?

त्यांना समजेल असं सांगितलं. भात लावताना बाया पुढे लावत जातात आणि मागून एक जाणती बाई बघत येते, रोप कलंडलं असेल तर सरळ करते, तण दिसलं तर उपटते. प्रत्येक पेशीत अशा दोघी असतात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. तुमच्या घराण्यात एक जन्मापासूनच लुळी आहे. दुसरी धड आहे, म्हणून वर्षानुवर्षं सगळं नीट चालतं. पण कधी एखाद्या पेशीत ती दुसरीही जाते. मग तिथल्या चुका सुधारायला कुणीच उरत नाही. चुकांवर चुका साठतात. पेशीला ‘आता वाढू नको, थांब’ असं सांगणारीही काही जनुकं असतात, त्यांना आम्ही ट्यूमर सप्रेसर म्हणतो. चुका होता होता तीही मोडतात. थांबवणारं कुणी नसलं की पेशी वाढतच सुटते. त्यालाच कॅन्सर म्हणायचं. आतडं आणि गर्भाशयाचं अस्तर, दोन्हीकडे पेशी सारख्या नव्या होतात, म्हणून या घराण्यात तो बहुतेक तिथेच येतो.

आबांनी पागोटं काढून मांडीवर घेतलं.

“म्हंजे माझ्याकडनं गेलं पोराला.”

मी म्हटलं, तुम्हाला तुमच्या वडिलांकडून आलं असणार. नाक आलं तसं हेही आलं. यात कुणी काही केलेलं नाही. दर मुलाला ते जायची शक्यता निम्मी असते. सगळ्यांना कॅन्सर होतोच असंही नाही. पण कळलेलं असलं तर वेळेवर तपासून वाचवता येतं. म्हणून सुनंदाला लवकर घेऊन या.

आबा उठलेच. आवाज चढवला नाही, पण एकेक शब्द मोजून बोलले.

“तिच्या सासरी जाऊन काय सांगायचं, आमचं रक्त नासकं हाय? तिच्या पोरीची सुपारी फुटली हाय. वैशाखात लगीन हाय. ही गोष्ट बाहेर पडली तर लगीन ऱ्हातंय का? दिली ती दिली. तिचं तिच्या घरी बघतील.”

शिवरामने शर्टाची बटणं लावली. बापापुढे बोलायची त्या घरात पद्धत नाही. दोघे निघून गेले.

माझी पंचाईत अशी की मी सुनंदाला परस्पर सांगू शकत नव्हतो. शिवरामचा रिपोर्ट ही शिवरामची गोष्ट. त्याच्या परवानगीशिवाय ती कुणालाही सांगायची नाही, बहिणीलासुद्धा नाही, हा आमच्या धंद्याचा नियम. नियम चांगला आहे, पण त्या दिवसांत तो मला टोचत होता. दाराशी टेकलेली ती बाई डोळ्यांपुढून हलत नव्हती. शिवरामचं रक्त खात्रीच्या तपासणीला पाठवलं आणि रेंज मिळेल तेव्हा त्याला फोन करत राहिलो. तो प्रत्येक वेळी म्हणायचा, आबांना विचारल्याबिगर नाय जमायचं.

घरी बायकोपुढे मी चिडचिड केली. म्हातारा हेकट आहे म्हणालो. ती म्हणाली, “हेकट नाही रे, घाबरलाय. एका महिन्यात पोराच्या पोटावर चाकू चालला, बहीण गेली, आणि तू वर सांगितलंस की हे सगळं तुझ्याकडून आलं. थोडा दम धर.” दम धरणं हा तिचा प्रांत. बाळंतपणात तेच करावं लागतं. सर्जनला ते जमत नाही.

मी दम धरला, म्हणजे दिवसातून एकदाच चिडायचं ठरवलं.

मग एका दुपारी ओपीडी संपत आली असताना दारात आबा. डोक्याला पागोटं, खांद्याला पिशवी, आणि मागे सुनंदा. मला वाटलं शिवरामचं काही बिनसलं. पण ते बहिणीच्या बाराव्याला भोरकडे गेले होते, तिथूनच वरंध घाट उतरून थेट माझ्याकडे आले होते.

सुनंदाला वर बायकोकडे पाठवलं आणि आबांना चहा दिला. चहा तसाच ठेवून ते बोलू लागले. बाराव्याला मेव्हण्याने त्यांना बाजूला घेऊन सांगितलं होतं की बहिणीचं वर्षभर अंगावरून जात होतं. भावाला कळवू का विचारलं तर ती नको म्हणायची. दिलेल्या बहिणीने माहेरी गाऱ्हाणं नेऊ नये, त्यांचं त्यांना काय थोडं आहे, असं म्हणायची. आणि त्याच मांडवात सुनंदा सारखी उठून आत जात होती. तिच्या चुलतसासूने सहज बोलून दाखवलं की हिचंही अलीकडे असंच चाललंय.

“बहिणीचं सुतक मी तीन दिवसांत फेडलं, डॉक्टर,” आबा म्हणाले. “दाढी केली, म्हशी सोडल्या. पोरीचं तसं नाय फिटायचं मला.”

मी चहा पुढे सरकवला आणि त्यांनी तो गार झालेला चहा घेतला.

वर बायकोने सोनोग्राफी केली. गर्भाशयाचं अस्तर जाड होतं. अस्तराचा तुकडा काढून त्याच मॅडमना पाठवला आणि या वेळी मीच त्यांना फोन केला. रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस मला माझ्या मुलाच्या बारावीच्या निकालापेक्षा जड गेले. कॅन्सर होता, पण अगदी सुरुवातीचा. मुंबईत ऑपरेशन झालं, गर्भाशय आणि अंडाशय काढले. गाठ अस्तरापुरतीच होती, बाहेर कुठेही गेलेली नव्हती. आणखी काही उपचार लागले नाहीत.

आता राहिलं लग्न. आबांचं म्हणणं, वैशाख उरकू द्या, मग सांगू. सुनंदाने मात्र ऑपरेशनहून आल्यावर पहिल्यांदा व्याह्यांना निरोप धाडला आणि अंथरुणावरून सगळं सांगितलं. पोरीलाही हे आलेलं असू शकतं, हेसुद्धा सांगितलं. मुलाकडचे काही दिवस गप्प होते. चुलत्यांनी नाकं मुरडली. आबा रोज शिवरामला विचारायचे, कायतरी कळलं का? शेवटी नवरा मुलगा, तोही मुंबईत कामाला, एकटाच माझ्याकडे आला. त्याला एवढंच जाणून घ्यायचं होतं की तपासायचं कधीपासून आणि कसं. मी सांगितलं. त्याने मोबाइलमध्ये टिपून घेतलं, मान डोलावली आणि गेला. लग्न ठरल्या तिथीला झालं. सुनंदा खुर्चीत बसून होती आणि बसल्या जागेवरून सगळ्या मांडवाला हुकूम सोडत होती. आम्ही दोघं जेवायला होतो.

शिवरामच्या रक्तात दोष आधीच सापडला होता. लग्नानंतर बाकीच्यांची रक्तं तपासली. सुनंदात तोच दोष निघाला. आबांतही. सुनंदाच्या लेकीत नाही. निकाल सांगायला मी सगळ्यांना समोर बसवलं होतं. मला वाटलं सुनंदा खचेल. ती बापाकडे वळून हसली.

“जमिनीच्या हक्कसोडीवर सही केली मी, आबा, खळखळ केली नाय. तुमचं एवढंच एक माझ्या वाट्याला आलं, त्येला पन सही मागताव का?”

आबा आधी चपापले आणि मग हसता हसता डोळे पुसू लागले.

आबांचं आतडं मीच दुर्बिणीने तपासलं. आदल्या दिवशी पोट साफ व्हायला भांडंभर औषध प्यावं लागतं. म्हशीला नळीने पाजतात तसं मला पाजलं, असं ते अजून वाडीत सांगतात. आत एक छोटा कोंब निघाला, पुढे त्याची गाठ झाली असती. तिथल्या तिथे काढून टाकला. शिवरामला किमोथेरपी लागली नाही. त्याच्या गाठीच्या टप्प्यावर हा दोष असलेल्या पेशंटना किमोने फारसा फायदा होत नाही, आणि तिच्याविनाही त्यांचं सहसा चांगलं चालतं, असं मुंबईच्या कॅन्सरतज्ज्ञांनी सांगितलं. ज्या दोषाने गाठ आणली त्यानेच एवढी सवलत दिली. तो पुन्हा गोदामात कामाला लागला आहे. ठरल्या वेळी दोघं भावंडं तपासणीला येतात. सुनंदा अजून गाठोड्यात चार भाकऱ्या जास्त आणते.

त्या वर्षी भाद्रपदात पितरांचं पान ठेवताना आबांनी एक पान जास्त मांडलं, बहिणीचं. हे मला शिवरामने सांगितलं. गावकीतले म्हणाले, दिलेल्या बहिणीचं पान भावाने ठेवायची रीत नाय. आबा म्हणाले, रीत ऱ्हाऊ द्या, तिच्यापायी माझी पोरगी वाचली. मी त्या बाईला कधी पाहिलं नाही. पण पितृपक्ष आला की मलाही तिची आठवण होते, आणि हात जोडावेसे वाटतात.

हिस्ट्री घेताना मी आता एवढाच बदल केला आहे. रक्ताच्या नात्यात कुणाला कॅन्सर आहे का, हे विचारायच्या आधी मी विचारतो, तुमच्या घरातून दिलेल्या लेकी किती आणि त्या कशाने आजारी आहेत? पुरुष पेशंट छताकडे बघत बसतो. उत्तर बहुतेक वेळा शेजारी बसलेली त्याची बायको देते. ती स्वतः कुठून तरी दिलेली असते.